मुंबईच्या कनिष्ठ हॉकीला पूर्ण हंगाम मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय हॉकीच्या स्पर्धा सुरू झाल्या की आपल्या क्रीडापानाच्या एखाद्या कोपऱ्यात चार ओळींचा निकाल येतो. जिंकलेल्या शाळेचे नाव, गोल करणाऱ्यांची नावे आणि पुढच्या फेरीतील प्रतिस्पर्धी एवढा मजकूर त्यात असतो. हरलेल्या शाळेचे नाव ओळीत शेवटी येते आणि त्या वर्षापुरते ते पुन्हा कुठेही येत नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत बत्तीस संघ उतरले, तर विजेता ठरेपर्यंत एकूण ३१ सामने होतात. त्यांपैकी सोळा संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात आणि आणखी आठ दुसऱ्या सामन्यानंतर, म्हणजे मैदानात उतरलेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांश मुलांचा त्या स्पर्धेतील खेळ दोन किंवा त्याहून कमी सामन्यांत आटोपतो. शासकीय शालेय स्पर्धांची जिल्हा, विभाग आणि राज्य ही उतरंड याच पद्धतीवर उभी आहे आणि खासगी ढाली-करंडकांच्या स्पर्धाही बहुतांशी तिचाच कित्ता गिरवतात. मुंबई आणि परिसरातील कनिष्ठ हॉकीपटूंना या स्पर्धांच्या जोडीला चार महिन्यांचा सलग हंगाम मिळावा, ही मागणी मांडण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. तिच्या समर्थनासाठी मला एका दूरच्या देशातील, बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीकडे वळावे लागणार आहे. वाचकांनी तेवढा धीर धरावा, ही विनंती.

मी पश्चिम उपनगरातील एका शाळेत अनेक वर्षे क्रीडाशिक्षिका होते. आमचे मैदान मातीचे होते आणि सामने टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, होत. टर्फवर चेंडू किती वेगाने येतो याचा अंदाज मुलांना येईपर्यंत पहिले पंधरा मिनिटांचे सत्र संपलेले असे आणि बहुधा गोलही झालेला असे. सकाळी लवकरचा सामना असला की नालासोपारा आणि विरारहून शाळेत येणारी मुले पहाटेची गाडी पकडत. डब्यात स्टिक आडवी धरली की प्रवासी ओरडतात, म्हणून ती दोन्ही पायांमध्ये उभी धरून आणि गोलरक्षकाचे पॅड सिमेंटच्या रिकाम्या गोणीत कोंबून ही मंडळी चर्चगेटला उतरत. नऊ वाजेपर्यंत एका गोलाने पराभव झालेला असे आणि दहाच्या सुमारास स्टेशनबाहेर वडापाव खाऊन सगळे परतीच्या गाडीत बसलेले असत. पावसाळ्यापासून केलेला सराव तेवढ्या एका सकाळीपुरता होता. पाचवी-सहावीतून नव्याने संघात आलेला एखादा मुलगा पुढचा सामना कधी, असे विचारी. मोठी मुले विचारत नसत.

निवृत्तीनंतर कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात, किचनर या शहरात, मुलीकडे सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत राहण्याचा योग आला. हिवाळा कसा काढायचा ही तिची काळजी होती. माझा तो तिथल्या आइस हॉकी रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानाशेजारी, निघाला. सोळा ते वीस वर्षांच्या मुलांची ऑन्टॅरिओ हॉकी लीग हा तिथला घरोघरी बोलला जाणारा विषय आहे. कॅनडात या दर्जाच्या तीन प्रादेशिक लीग आहेत. पश्चिमेकडील प्रांतांची एक, ऑन्टॅरिओची एक, आणि क्वेबेक व अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांची एक. पश्चिम आणि ऑन्टॅरिओच्या लीगमध्ये सीमेपलीकडील काही अमेरिकी शहरांचेही संघ खेळतात. ऑन्टॅरिओच्या लीगमध्ये वीस संघ आहेत आणि त्यांपैकी तीन अमेरिकेतले. प्रत्येक संघ नियमित हंगामात ६८ सामने खेळतो, निम्मे स्वतःच्या शहरात आणि निम्मे दुसऱ्यांच्या. सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झालेला हा क्रम मार्चपर्यंत चालतो. त्यानंतर वीसपैकी सोळा संघ पुढच्या टप्प्यात जातात आणि तिथेही एका पराभवाने कोणी बाहेर पडत नाही, कारण प्रत्येक लढत सात सामन्यांची असते आणि चार सामने आधी जिंकेल तो पुढे जातो. शेवटी तिन्ही लीगचे विजेते आणि एक यजमान संघ अशा चार संघांत मेमोरियल कप खेळला जातो. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली.

नियमित हंगामातील गुणपद्धती मला विशेष आवडली. विजयाला दोन गुण मिळतात, पण निर्धारित वेळेत बरोबरी साधून जादा वेळेत किंवा त्यानंतरच्या पेनल्टींमध्ये हरलेल्या संघालाही एक गुण मिळतो. तासभर बरोबरीने झुंजलेल्या मुलांच्या पदरात काहीतरी पडते आणि मार्चमध्ये असेच एकेक जमवलेले गुण एखाद्या संघाला सोळांत आणून बसवतात. डिसेंबरमध्ये तळाशी असलेल्या संघालाही शुक्रवारी खेळावेच लागते, मग रविवारी पुन्हा. दोन पराभवांच्या मध्ये सराव असतो, त्यात चुका दाखवल्या जातात आणि त्या सुधारल्या की नाहीत हे पाहायला पुढचा सामना दोन-तीन दिवसांवर उभा असतो. शिकवण्याच्या दृष्टीने याहून चांगली व्यवस्था मी पाहिलेली नाही.

त्यांतले एक उदाहरण मी फार जवळून पाहिले. नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी सतरा वर्षांच्या राखीव गोलरक्षकाला संधी मिळाली आणि दुसरे सत्र संपण्यापूर्वीच त्याच्या जाळ्यात पाच वेळा पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी रबराची चकती) गेली. प्रशिक्षकांनी त्याला बाहेर काढले. मुखवटा काढून, डोक्यावर संघाची टोपी घालून तो बाकाच्या टोकाला बसला आणि उरलेला सगळा वेळ समोरच्या गोलरक्षकाच्या पायांकडे पाहत राहिला. आपल्याकडे असा मुलगा त्या पाच गोलांसह घरी जातो आणि पुढची संधी पुढच्या वर्षी, तीसुद्धा निवड झालीच तर. तिथे तो आठवड्याभरात बाहेरगावच्या सामन्यात पुन्हा उभा होता. तेव्हाही संघ हरला, पण त्याच्यावर गोल दोनच झाले. उजवीकडून येणाऱ्या फटक्यावर तो आधीच गुडघ्यांवर बसत होता, ही त्याची मूळ अडचण होती. जानेवारीपर्यंत ती सवय मोडलेली मला स्पष्ट दिसली. क्रीडाशिक्षिका म्हणून मी अनेक मुलांतील दोष ओळखले असतील, पण ते दूर झाले की नाही हे पाहायला मला सामनेच मिळाले नाहीत, ही खंत त्या रिंकवर बसून प्रथमच इतकी टोचली.

या लीगमधली बरीच मुले स्वतःच्या गावापासून दूर खेळतात. त्यांना वसतिगृहात न ठेवता त्या शहरातील कुटुंबे आपल्या घरात ठेवून घेतात. मुलीच्या शेजारच्या कुटुंबाकडे असा एक खेळाडू राहत होता. त्यांच्या दाराशी, बूट काढण्याच्या जागेत, एक लाकडी घडवंची होती. तिच्यावर त्याचे हातमोजे आणि पॅड वाळत घातलेले असत आणि त्यांचा ओला वास घरभर पसरलेला असे, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नसे. स्वयंपाकघरात फ्रीजवर महिन्याचे वेळापत्रक चिकटवलेले होते. सामने निळ्या शाईने आणि शाळेच्या चाचण्या लाल शाईने लिहिलेल्या. त्या घरातील बाई लाल तारखांबाबत निळ्या तारखांपेक्षा अधिक कडक होत्या. मुले स्थानिक शाळेत जातात आणि त्यांच्या अभ्यासाकडे लक्ष देणारी व्यक्ती संघाने नेमलेली असते. शिवाय या लीगमध्ये खेळलेल्या हंगामांच्या प्रमाणात पुढच्या महाविद्यालयीन शिक्षणाच्या शुल्काची तरतूद खेळाडूसाठी केली जाते. याचे कारण सरळ आहे. या मुलांपैकी फारच थोडी पुढे एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये पोहोचतात, हे संघालाही ठाऊक असते आणि पालकांनाही, त्यामुळे उरलेल्यांचे काय, याचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. आपल्याकडे हा विचार दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांपाशी थांबतो. ते गुण मिळवायला विशिष्ट स्तरावरील स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते आणि मग प्रमाणपत्र हेच खेळण्याचे कारण होऊन बसते.

किचनरच्या संघाची मालकीही सांगण्यासारखी आहे. १९६३ मध्ये जवळच्या ग्वेल्फहून हा संघ किचनरला आला. तो कोणा उद्योगपतीच्या मालकीचा नाही. संपूर्ण हंगामाचे तिकीट घेणारे नागरिक हेच त्याचे सभासद आणि त्यांनी निवडून दिलेले मंडळ तो चालवते. या संघाने १९८२ आणि २००३ मध्ये मेमोरियल कप जिंकला. सात हजारांहून अधिक प्रेक्षकांची सोय असलेल्या त्यांच्या जुन्या सभागृहात शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मी जेव्हा बसत असे, तेव्हा मुंबईत शनिवारची पहाट असे, आमच्या मुलांची चर्चगेट गाडी निघण्याची वेळ. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे वृद्ध गृहस्थ त्याच जागेवर तीस वर्षे बसत आले होते. कोणता मुलगा कोणत्या गावचा, त्याचा मोठा भाऊ पूर्वी कोणत्या संघात होता, हे त्यांना तोंडपाठ होते. एका सामन्याने असे नाते जडत नाही. तीच मुले त्याच जागी आठवड्यामागून आठवडे दिसू लागली, की अनोळखी माणूसही त्यांच्या चढउतारांत गुंततो.

या व्यवस्थेतील दोष मी लपवू इच्छित नाही, कारण ते पाहिल्यावाचून तिचे अनुकरण करणे घातक ठरेल. अंतरे प्रचंड आहेत. किचनरहून त्याच लीगमधील सू सेंट मरी या शहरात जायचे, तर बसने सुमारे सातशे किलोमीटर, तेही हिमवर्षावात. सॅस्कॅचवन प्रांताच्या कनिष्ठ लीगमधील हम्बोल्ट ब्रॉन्कोज या संघाची बस ६ एप्रिल २०१८ रोजी सामन्यासाठी जात असताना एका चौकात न थांबलेल्या ट्रकवर आदळली. बसमधील २९ जणांपैकी सोळा दगावले आणि तेरा जखमी झाले. हम्बोल्ट हे जेमतेम सहा हजार वस्तीचे गाव. त्या आठवड्यात कॅनडाभर लोकांनी घराच्या दाराबाहेर हॉकी स्टिक उभ्या करून ठेवल्या होत्या. त्या अपघातानंतर सॅस्कॅचवनमध्ये ट्रकचालकांना प्रशिक्षण सक्तीचे झाले, पण ती जाग यायला सोळा जणांचे प्राण जावे लागले. याशिवाय किमान वेतनाच्या मागणीसाठी माजी खेळाडूंनी २०१४ मध्ये या तिन्ही लीगविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. सामन्यातील मारामारी हा खेळाचाच भाग आहे, असे तिथे वर्षानुवर्षे मानले गेले. क्वेबेकच्या लीगने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली, हे उशिरा पण योग्यच झाले. शिकत्या वयातल्या मुलाला हंगामाच्या मध्यावर एका संघातून दुसऱ्या संघात पाठवण्याची तिथली पद्धत तर मला कधीच पटली नाही. वाढत्या वयात ६८ सामने खेळणेही माझ्या मते फार आहे. आपल्याला त्यातले काहीही नको. बसचा प्रवास नको, मुलांची देवाणघेवाण नको, लिलाव तर नकोच नको.

तरीही हंगाम हिरावला गेला की काय होते, हे त्याच लीगने दाखवून दिले. करोनाच्या साथीत, २०२०-२१ या वर्षी, पश्चिमेच्या आणि क्वेबेकच्या लीगनी कमी सामन्यांचा का होईना, हंगाम खेळवला. ऑन्टॅरिओत मात्र एकही सामना होऊ शकला नाही. ज्यांचे वीस वर्षांचे शेवटचे वर्ष होते, त्यांचे कनिष्ठ खेळणे सामना न खेळताच संपले आणि ज्या मुलांची व्यावसायिक संघांकडून निवड व्हायची होती, त्यांना दाखवायला खेळच उरला नाही. त्या एका वर्षाबद्दल तिथले पालक अजूनही हळहळतात. मुंबईतील कनिष्ठ हॉकीपटूची बहुतेक सर्व वर्षे तशीच जातात, फक्त त्याची कोणी दखल घेत नाही, कारण जे कधी मिळालेच नाही ते हरवल्याचे कोणाला जाणवत नाही.

बर्फाचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच देशातील लडाखचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. लेहमध्ये नैसर्गिक बर्फ हिवाळ्यात जेमतेम दोन महिने खेळण्याजोगा राहतो. त्या दोन महिन्यांत लष्कर, भारत-तिबेट सीमा पोलीस आणि स्थानिक क्लब यांचे संघ शक्य तेवढे सामने खेळून घेतात. आपल्या महिलांचा राष्ट्रीय संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषकाचे कांस्यपदक घेऊन परतला. संघातील बहुतेक मुली लडाखच्या आहेत. ज्यांच्या पायाखालचे मैदान फेब्रुवारीत वितळून जाते, त्यांनी नऊ वर्षांत एवढी मजल मारली. मुंबईत पावसाचे चार महिने सोडले, तर उरलेले आठ महिने मैदान कोरडे असते.

हंगाम ही कल्पना मुंबईला परकी नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची क्रिकेट लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात या शहरात खेळली जाते. ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर वाढलेल्या गवतात चेंडू शोधत, रविवारमागून रविवार. तिच्यात एकाखाली एक गट आहेत, चांगले खेळणारा संघ वरच्या गटात जातो आणि वाईट खेळणारा खाली घसरतो, आणि रणजीपटूंच्या शेजारी कालपरवा शाळा सोडलेले मुलगे खेळत आले आहेत. क्रिकेटमधील मुलगा हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत लवकर हरला, तरी त्याच्यासाठी क्लबचा संघ, इतर ढाली आणि पुढे कांगा लीग असते, त्यामुळे बाद पद्धतीची झळ त्याला फारशी लागत नाही. हॉकीतील मुलाला हा आधार नाही. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेतून घडलेले व्हिरेन रस्किन्हा किंवा मरीन लाइन्सच्या साध्या घरातून भारतीय संघापर्यंत गेलेले युवराज वाल्मीकी यांच्यासारखे खेळाडू या शहराने दिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यांच्याबरोबर स्टिक धरलेल्या कितीतरी मुलांनी सतराव्या वर्षापर्यंत पुरेसे सामने खेळलेच नव्हते आणि कॉलेजला जाताच त्यांनी स्टिक माळ्यावर टाकली, हे मी माझ्या शाळेत वर्षानुवर्षे पाहिले आहे.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगते. पहिल्या वर्षी आठ विभागीय संघ पुरेत. दक्षिण मुंबई, दादर-माटुंगा, वांद्रे, अंधेरी, कांदिवली-बोरिवली, वसई-विरार, ठाणे आणि नवी मुंबई. संघ शाळेचा नसून विभागाचा असावा, म्हणजे ज्या शाळेत हॉकीचे अकरा खेळाडू जमत नाहीत, तिथल्या दोन चांगल्या मुलांनाही खेळता येईल. सोळा वर्षांखालील वयोगट ठेवावा. दुहेरी साखळीत प्रत्येक संघ उरलेल्या सातही संघांशी दोनदा खेळेल, म्हणजे प्रत्येकाचे १४ सामने आणि लीगचे एकूण ५६. एका रविवारी चार सामने घेतले, तर १४ रविवारांत लीग पूर्ण होते. हॉकीचा सामना पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा असतो आणि मधल्या विश्रांती धरून दीड तासाच्या आत संपतो. चर्चगेटचे स्टेडियम, कांदिवलीचे क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आणि वांद्र्याचे शालेय टर्फ यांपैकी कोणतीही दोन मैदाने रविवारी सकाळी तीन-साडेतीन तास मिळाली, तरी हे सर्व बसते. पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सुरुवात करून दिवाळीचे दोन रविवार सोडले, तरी जानेवारीअखेर लीग संपते आणि फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्यांना मोकळा वेळ मिळतो.

प्रत्येक संघात अठरा खेळाडू धरले, तर १४४ मुलांना वर्षाला चौदा सामन्यांचा हंगाम मिळेल. अठराही जणांना ठरावीक किमान सामन्यांत मैदानात उतरवण्याचा नियम मात्र पहिल्या दिवसापासून हवा, नाहीतर राखीव मुले चौदा रविवार बाकावर बसून राहतील. मुलींची लीग मुलांच्या लीगसोबतच सुरू व्हावी. सुरुवातीला चारच संघ असले तरी चालतील. नंतर कधीतरी पाहू, असे म्हटले की ते नंतर येत नाही, हा शाळेतील माझा अनुभव आहे.

खर्चाचा प्रश्न विचारला जाईल आणि तो विचारलाच पाहिजे. टर्फ सामन्यापूर्वी भिजवावे लागते, त्याला पाणी लागते. प्रत्येक सामन्याला दोन पंच, टेबलावर एक नोंद ठेवणारा आणि मैदानावर प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती लागते. गोलरक्षकाचे साहित्य महाग असते. ते संघाचे असावे, मुलाच्या पालकांवर त्याचा भार पडू नये. एवढा खर्च एखाद्या मोठ्या प्रायोजकावाचूनही भागवता येण्याजोगा आहे, असे मला वाटते, कारण बक्षिसे, मंडप, पाहुणे आणि स्मृतिचिन्हे यांवर आपल्या स्पर्धांत होणारा खर्च इथे मुळातच नाही. चौदा रविवारी उद्घाटन आणि बक्षीस समारंभ करायचा नसतो. पंचगिरीसाठी शहरातील माजी खेळाडू पुढे येतील याची मला खात्री आहे. त्यांच्यापैकी काहींशी मी बोलले आहे आणि नियमित काम मिळत असेल तर रविवार द्यायला ते तयार आहेत. तरुण पंच घडवायलाही एकदोन दिवसांच्या स्पर्धेपेक्षा असा हंगाम अधिक उपयोगी ठरेल. शासनाने या लीगमधील ठरावीक सामन्यांचा सहभाग सवलतीच्या गुणांसाठी ग्राह्य धरला, तर पालकांचा विरोधही बराच मावळेल.

यावर काही क्रीडा कार्यकर्त्यांचे म्हणणे असते की, आपल्या मुलांना आठवड्यामागून आठवडे येणे जमणार नाही. क्लास असतात, घरची कामे असतात, उत्साह टिकत नाही. मला हे मान्य नाही. रविवारचा सामना ठरलेला आहे हे जून महिन्यात कळले, तर क्लासची वेळ बदलून घेता येते. चार दिवस आधी कळवलेल्या सामन्यासाठी ती कोण बदलून देणार? आमच्याकडे स्पर्धेचा कार्यक्रम बहुधा आदल्या आठवड्यात हाती येई आणि मग मुलगा घटक चाचणी बुडवतो की सामना, असा पेच पडे. फ्रीजवर चिकटवता येईल असे वेळापत्रक आधी मिळणे, यातच अर्धा प्रश्न सुटतो. आणि उत्साहाविषयी बोलायचे, तर ज्या मुलाला पुढचा सामना आठ दिवसांवर दिसतो, तो मंगळवारच्या सरावाला येतो.

शेवटची विनंती आपल्या वृत्तपत्राला आहे. अशी लीग सुरू झाली, तर दर सोमवारी तिचा गुणतक्ता आपण छापावा. आठ संघांची आठ ओळींची चौकट, त्यात खेळलेले सामने, विजय, पराभव, बरोबरी, गोल आणि गुण एवढेच. किचनरमध्ये स्थानिक वृत्तपत्रातील तक्ता न्याहारीच्या टेबलावर वाचला जाताना मी पाहिला आहे. आपला संघ सहाव्यावरून पाचव्यावर आला, एवढी एक ओळ वसईच्या किंवा ठाण्याच्या मुलाला पुढचा आठवडा पुरेल. सध्या जूनपूर्वी संबंधित संघटना, क्रीडा कार्यालय आणि मैदानांचे चालक यांना एकत्र बसवून ऑक्टोबरची तारीख ठरवून घेणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी आपण पुढाकार घेतल्यास पंचांची यादी तयार करणे, विभागीय निवड चाचण्या घेणे आणि शाळांशी पत्रव्यवहार करणे ही कामे माझ्यासारखे निवृत्त क्रीडाशिक्षक विनामोबदला करतील. आमच्यापैकी काही जणांनी पश्चिम उपनगरांतील शाळांची प्राथमिक यादी केलीही आहे. आपल्या कार्यालयाने कळवल्यास ती आणून देईन.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
बोरिवली, मुंबई